पपईचा रस आणि पेडर रोड

डेंग्यू झालेल्या माणसाला 'कसं वाटतंय?' असं कुणी विचारत नाही. 'प्लेटलेट किती?' असं विचारतात. मला डेंग्यू झाला तेव्हा सकाळी रक्त द्यायचं, दुपारी रिपोर्ट यायचा आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा पुण्यातून साताऱ्याला, साताऱ्याहून बेळगावला पोचलेला असायचा. दीड लाखाच्या खाली गेल्यावर फोन वाढले. एक लाखाच्या खाली गेल्यावर पपई आली. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत पपईचं एक झाड आहे. त्या पावसाळ्यात इमारतीत डेंग्यूचे आणखीही पेशंट होते, आणि गणपती बसले तेव्हा झाडाला शेंड्यावरची कोवळी पानं तेवढी उरली होती. बेळगावच्या आत्याने बकरीचं दूध सुचवलं, शेजारच्या काकूंनी किवी आणून दिली, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी डाळिंब सोलून वाटी भरून ठेवली. पपईच्या पानांचा रस इतका कडू असतो की त्यानंतर बकरीचं दूधही गोड लागतं. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना 'हो, देते' म्हटलं आणि मला मऊ भात, तूप, मेतकूट वाढलं.

डॉक्टरांना या सगळ्याची सवय होती. "पपई प्यायची तर प्या," ते म्हणाले, "पण मला लघवी किती वेळा झाली ते सांगा." डेंग्यूत ताप चढलेला असतो त्यापेक्षा तो उतरायला लागतो तेव्हा जास्त जपायचं असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्या एक-दोन दिवसांत बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी बाहेर झिरपू शकतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. तेवढा काळ नीट पार पडला की प्लेटलेट आपल्या आपण चढतात. म्हणून पाणी, ओआरएस, शहाळं, पेज. आणि धावणाऱ्यांच्या घरात हमखास सापडणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या पूर्ण बंद, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नवऱ्याने माझा गोळ्यांचा डबाच उचलून माळ्यावर टाकला आणि शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

मी बरी झाले. पुढे जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन धावले. त्यानंतर ऑफिसात सगळ्यांना एक निरोप गेला. माझा पदक घातलेला फोटो आणि खाली वाक्य: 'जिद्दीच्या जोरावर आजारावर मात'. लिहिणाऱ्याने प्रेमाने लिहिलं होतं, मी त्याचे मनापासून आभार मानले. पण ते वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगावंसं वाटतं.

आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते. टेकडीच्या चढावर त्यांना गाठणं आमच्यापैकी कुणालाच जमायचं नाही, आणि वर पोचल्यावर मागच्यांसाठी ते पुन्हा अर्ध्यापर्यंत खाली यायचे. त्यांना कर्करोग झाला. केमोथेरपीच्या मधल्या आठवड्यांतही ते टेकडीच्या पायथ्याशी येऊन बसायचे, आमच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. ते गेले. मी बरी झाले ती जिद्दीने असं म्हटलं, तर त्यांच्याकडे ती कमी पडली असं म्हणावं लागेल. त्यांना ओळखणारा कुणीही हे ऐकून घेणार नाही. बरं होणाऱ्यांचं कौतुक करताना आपण नकळत बऱ्या न झालेल्यांचा हिशेब मांडत असतो, आणि तो चुकीचा असतो.

मग मी कशाने परत धावायला लागले? याचं पुष्कळसं उत्तर शरीरशास्त्रात आहे, आणि ते जिद्दीच्या गोष्टीपेक्षा मला जास्त सुंदर वाटतं.

1966 साली अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहायला सांगितलं. आजार काही नाही, नुसतं पडून राहायचं. तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली होती. गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, 1996 मध्ये, संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढलेली, चरबी वाढलेली. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जास्त केलं होतं!

मी हे घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "म्हणजे तीन आठवडे पडून तू आता ऐंशीची झालीस." आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई! मग यंदा दसऱ्याला सोनं देऊन मीच हिच्या पाया पडते."

आम्ही तिघंही इतके हसलो की मला खोकला आला. पण त्या प्रयोगाचा उरलेला भाग मी रात्री पुन्हा वाचला. पलंगावरून उठल्यावर त्या तरुणांना सुमारे दोन महिने पद्धतशीर व्यायाम दिला, तेव्हा गेलेली क्षमता परत आली. जे आधी बैठे होते ते तर आधीपेक्षा पुढे गेले. आणि पन्नाशीत सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने त्या पाच जणांनी, सरासरीने, विशीतली पातळी गाठली. माणसाचं शरीर उधारी लक्षात ठेवत नाही. रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाचा एकेक ठोका पुन्हा जास्त रक्त ढकलू लागतो, स्नायूंमधल्या केशवाहिन्या पुन्हा पसरतात. शरीराला फक्त अन्न, झोप आणि रोज थोडंसं, झेपेल एवढंच काम हवं असतं. या 'एवढंच'मध्ये जिद्द सगळ्यात आधी आडवी येते. विषाणूचा ताप कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो, आणि ती असताना जोर केला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांनी ईसीजी काढल्याशिवाय आणि पायऱ्या चढताना दम लागणं थांबल्याशिवाय बूट घालायला परवानगी दिली नाही. त्यांच्या त्या ठाम नकाराचं ऋण माझ्यावर कुठल्याही प्रोत्साहनपर भाषणापेक्षा मोठं आहे.

परवानगी मिळाली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. आमच्या धावण्याच्या ग्रुपला शिकवणाऱ्या सरांनी मला फिल मॅफेटोन या अमेरिकन प्रशिक्षकाचं सूत्र लावलं. 180 मधून वय वजा करायचं. मोठ्या आजारातून उठला असाल तर आणखी 10 वजा करायचे. जो आकडा उरेल त्याच्या वर हृदयाचे ठोके जाऊ द्यायचे नाहीत. माझं वय 49. उरले 121. हा ठोकताळा आहे, प्रत्येकाच्या हृदयाला चपखल बसेलच असं नाही, पण घाई करणाऱ्याला रोखायला फार गुणी आहे. घड्याळ तसं लावून घेतलं: 121 च्या वर गेलं की ते वाजणार. सर माझं वेळापत्रक पेन्सिलीने लिहायचे आणि खोडरबर सोबत द्यायचे.

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आज्यांचा एक गट आहे. एकीचे दोन्ही गुडघे बदललेले, एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक पूर्वीच्या भिशीच्या सूत्रधार. आजारपणाआधीही आम्ही रोज भेटायचो, म्हणजे मी शेजारून जाताना 'नमस्कार' म्हणायचे आणि त्यांचा प्रतिनमस्कार माझ्या पाठीवर पडायचा. आता पहिल्याच सकाळी मी त्यांच्याजवळ पोचते न पोचते तोच घड्याळ वाजलं.

"तुझा फोन वाजतोय गं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"फोन नाही आजी, घड्याळ आहे. चाल म्हणतंय."

"शहाणं आहे. चल मग."

तिथून पुढे त्या हिवाळ्यातलं माझं सगळं प्रशिक्षण त्यांच्या सहवासात झालं. जेफ गॅलोवे नावाचा एक धावपटू होता, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला. त्याने नंतर नवशिक्यांना शिकवताना थोडं धावा, थोडं चाला, पुन्हा धावा अशी पद्धत रूढ केली. थकल्यावर चालायचं नाही, थकायच्या आधी चालायचं. मी मिनिटभर पुढे धावत जायचे, वळून परत यायचे आणि दोन मिनिटं आज्यांबरोबर चालायचे. माझ्या गैरहजेरीत त्या विषय थांबवून धरायच्या. सुनेच्या बहिणीच्या लग्नात नेमकं काय झालं ही हकिगत मी अशी मिनिटा-मिनिटाच्या तुकड्यांत, पूर्ण सकाळभर ऐकली आहे. हळूहळू धावण्याची मिनिटं वाढली, तशी आज्यांची तक्रारही वाढली: "आता जास्त वेळ जातेस, गोष्ट थंड होते."

धावताना बोलता आलं पाहिजे, सलग दोन-तीन वाक्यं धाप न लागता म्हणता आली पाहिजेत, ही सोप्या वेगाची जुनी कसोटी. आज्यांच्या प्रश्नांना धड उत्तरं देता येतील इतक्याच वेगाने मी पळत होते, आणि त्यांचे प्रश्न साधे नसायचे. "तुझ्या ऑफिसात बढतीचं काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर चढावर देता आलं, त्या दिवशी मला कळलं की आपली फुप्फुसं जागेवर आली.

डिसेंबरात केस गळायला लागले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे मूठ-मूठ केस गळतात आणि पुन्हा येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. भिशीवाल्या आजींनी माक्याचं तेल आणलं, गुडघेवाल्या आजींनी अळिवाचे लाडू. "तेलाने येतील की लाडवाने येतील यावर आमची पैज आहे," त्यांनी मला सांगितलं. केस आले. पैजेचा निकाल अजून लागलेला नाही, दोघीही हक्क सोडायला तयार नाहीत.

चेक धावपटू एमिल झाटोपेकची एक गोष्ट आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये वारंवार सांगितली जाते, ती 1952 च्या हेलसिंकीची. पाच हजार, दहा हजार आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं. मला त्याची 1956 ची मेलबर्नची शर्यत जास्त प्रिय आहे. तिच्या काही आठवडे आधी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पत्नीला खांद्यावर बसवून व्यायाम करताना दुखापत झाली असं सांगतात, आणि भालाफेकीतलं सुवर्ण जिंकलेली डाना ज्याची पत्नी, त्याने असा व्यायाम केला असेल यावर माझा विश्वास बसतो. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली होती. तरी तो मेलबर्नला मॅरेथॉन धावला आणि सहावा आला.

त्या दिवशी पहिला आला फ्रान्सचा आलँ मिमून. 1948 च्या दहा हजारांत आणि 1952 च्या दोन्ही शर्यतींत तो झाटोपेकच्या मागे दुसरा आला होता. महायुद्धात माँते कॅसिनोच्या लढाईत त्याचा पाय असा जखमी झाला होता की कापावा लागेल असं डॉक्टरांना वाटलं होतं. मेलबर्नला जिंकल्यावर मिमून स्टेडियममधून गेला नाही. अंतिम रेषेजवळ उभा राहून झाटोपेकची वाट बघत राहिला. झाटोपेक थकून, कुणाकडेच लक्ष नसलेला, असा आला. मिमूनने त्याला विचारलं, माझं अभिनंदन नाही का करणार? मी जिंकलो. तेव्हा झाटोपेकने टोपी काढली, ताठ उभं राहून सलाम केला आणि त्याला मिठी मारली. पदकापेक्षा ती मिठी मोठी होती, असं मिमून पुढे सांगत असे. हेलसिंकीतली तीन सुवर्णं हा एका असामान्य देहाचा पराक्रम आहे, त्यापुढे आपण हात जोडावेत. पण आजारातून उठून सहावा येऊन दुसऱ्याच्या पहिल्या नंबराचा एवढा आनंद होणं, हे मला शिकता येण्यासारखं वाटतं.

मुंबईची अर्धमॅरेथॉन पहाटे अंधारात माहीमहून निघते. एरवी पायी जायला बंदी असलेल्या सी लिंकवरून धावायला मिळतं, खाली काळं पाणी, समोर वरळीचे दिवे. माझ्या आसपासच्या मंडळींत एक आजोबा होते, त्यांच्या बनियनवर पाठीमागे 'बायपास झालेली आहे, ढकलू नये' असं लिहिलेलं. एक तरुणी कानात काही न घालता स्वतःच गात होती, आणि सूर लागत असल्यामुळे आम्ही बरेच जण तिच्या मागे-मागे राहत होतो. हाजी अलीला उजाडलं.

मग पेडर रोडचा चढ. मुंबईकर धावपटू या चढाबद्दल भीतीने बोलतात, पण मला तो मुंबईतला सगळ्यात प्रेमळ रस्ता वाटतो. लोक रविवारी पहाटे घरातून टेबलं आणून मांडतात. सोललेली संत्री, केळ्याचे तुकडे, चिक्की, मीठ, गूळ, दुखऱ्या पोटऱ्यांवर मारायचे स्प्रे. लहान मुलं टाळी द्यायला हात पुढे करून उभी असतात आणि टाळी चुकली तर पाठीमागून ओरडून परत बोलावतात. लता मंगेशकर राहत त्या प्रभुकुंजापाशी एक काका मोबाईलवर लताबाईंचं गाणं मोठ्याने लावून उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला "चढ संपला, चढ संपला" म्हणत होते. संपला नव्हता. पण त्यांनी ते इतक्या खात्रीने सांगितलं की मी त्यांना 'थँक यू' म्हणाले आणि धावत राहिले. माझ्या तोंडात कुणीतरी दिलेली संत्र्याची फोड होती, दुसऱ्या कुणीतरी हातावर ठेवलेलं मीठ होतं.

मी कशाने परत धावायला लागले, ते मला त्या चढावर स्पष्ट दिसलं. दोन्ही बाजूंना उभे असलेले हे लोक, माळ्यावर गेलेला डबा, मऊ भात, ईसीजी होईपर्यंत नाही म्हणणारे डॉक्टर, गोष्ट थांबवून धरणाऱ्या आज्या, पेन्सिलीने लिहिणारे सर. यांतल्या कशालाही जिद्द म्हणता येणार नाही, आणि यांतलं एकही वगळलं असतं तर मी तिथे नसते. मरीन ड्राइव्ह मी गात-गात संपवला, त्या मुलीच्या सुरात सूर मिसळून, आणि सीएसएमटीजवळ अंतिम रेषेवर आम्ही दोघींनी एकमेकींना मिठी मारली. तिचं नाव मी विचारायचं विसरले.

दुपारच्या गाडीने पुण्याला निघालो. गळ्यातलं पदक बघून समोरच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, "कितवा नंबर?"

मी खरा नंबर सांगितला. तो पाच आकडी होता.

काका चकित झाले. त्यांनी डब्यातल्या लोकांकडे वळून मोठ्याने सांगितलं, "अहो, ऐकलंत का, एवढी माणसं पळतात मुंबईत!" सगळ्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं. कर्जतला त्यांनी आम्हाला वडे घेऊन दिले, पैसे घेतले नाहीत. तिथे गाडी थांबते ती नुसती वड्यांसाठी नाही. बोरघाटाचा चढ पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडतात. रोज हजारो माणसं अशी ढकलली जाऊन घाट चढतात आणि लोणावळ्याला उतरून चिक्की घेतात. त्या गाडीच्या जिद्दीबद्दल कुणी लेख लिहीत नाही. ऑफिसातल्या त्या निरोपाला उत्तर म्हणून मी हेच लिहिलं, आणि खाली सगळ्यांची नावं घातली. सासूबाईंचं नाव पहिलं. त्यांनी ते उत्तर छापून घेऊन बेळगावला पाठवलं.

आता साताऱ्याचं ठरतंय. तिथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरून परत यायचं. पावसाळ्याचा शेवट, घाटात धुकं, अंगावर भुरभुर. डॉक्टर म्हणाले, जा, पण चढ चाला. सरांनी पेन्सिल काढली आहे. आज्यांनाही यायचंय, कारण त्या सुमाराला जवळच्या कास पठारावर फुलं असतात आणि मुख्याध्यापिकांनी ती अजून पाहिलेली नाहीत. मिनीबस बघायला मला सांगितलं आहे, आणि चढताना-उतरताना त्रास होऊ नये म्हणून तिला पायरी खाली असावी अशी गुडघेवाल्या आजींची सूचना आहे.